घड्याळाच्या पोटात

आपल्या घोडेगावातील घरी आजोबांचे एच. एम. टी. 'जनता' घड्याळ पेटीत पडून असेल, तर वडिलांच्या अनुज्ञेने ते काढा व किल्ली देऊन कानाशी धरा. सेकंदास पाच ठोके पडतात. आत गुंडाळलेली स्प्रिंग उलगडू पाहते. तिला मोकळे सोडल्यास सर्व चक्रे क्षणभर भिरभिरून थांबतील. म्हणून पुढेमागे झुलणारे एक चक्र व एक अडसर तिला थोडथोडीच वाट देतात. स्प्रिंगच्या जोराला घातलेला हा आवर हेच घड्याळाचे मर्म होय.

जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीची बहुमोल घड्याळेही याच तत्त्वावर चालतात. मग अधिक मोल केवळ सोन्याचे काय? नव्हे. १९२५ साली तिने महिन्यांचे दिवस आपोआप ओळखणारे मनगटी घड्याळ केले. अशा घड्याळांत बहुधा चार वर्षांत एकच फेरा करणारे चक्र असते. त्याच्या कडेच्या उथळ-खोल खाचा महिन्यांच्या दिवसांप्रमाणे कोरलेल्या असतात. त्यामुळे फेब्रुवारीचे २८ दिवस की २९, हेही ते जाणते.

तथापि २१०० साली ते चुकेल! शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच लीप वर्ष होते. खाचांना हे ठाऊक नाही. त्या दिवशी तारीख मनुष्यालाच सुधारावी लागेल.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलाने जुने घड्याळ उघडून पाहण्याचा हट्ट धरल्यास रागावू नये. त्यास घड्याळजीच्या दुकानी न्यावे. यंत्राची चूक सुधारणारा हात तेथेच घडतो.