लॅपटॉप घेताना आधी रॅम बघा

गडहिंग्लज तालुक्यात महागावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत नेटवर्किंग किंवा सायबर सुरक्षा शिकणाऱ्या मुलांना आता घरीच प्रयोगशाळा मांडता येते, ती व्हर्च्युअल मशीनमुळे: एकाच लॅपटॉपमध्ये दोन-तीन स्वतंत्र संगणक. आयबीएमने १९७२ मध्येच हे तंत्र मोठ्या संगणकांसाठी बाजारात आणले; इंटेलने २००५ मध्ये त्याला प्रोसेसरमध्येच आधार दिला.

दुकानात चर्चा प्रोसेसरच्या नावावर अडते. खरी अडचण रॅमची. प्रोसेसरचा वेळ ही मशीन आळीपाळीने वाटून घेतात. रॅम मात्र प्रत्येकाला आपापली, एकाच वेळी लागते. विंडोज सर्व्हरला ४ जीबी, दोन लिनक्सना प्रत्येकी २, शिवाय मूळ विंडोजला स्वतःपुरती. आठ जीबीचा लॅपटॉप इथेच थकतो. म्हणून किमान १६ जीबी, आणि पुढे वाढवायला मोकळा स्लॉट. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की डाग दिलेली असते. ते मी सुचवणार नाही.

एसएसडी हवीच, शक्यतो ५१२ जीबी. एआरएम प्रोसेसरचे लॅपटॉप, ॲपलची एम मालिका धरून, बॅटरीला उत्तम. पण इंटेल-एएमडीसाठी बनवलेली मशीन त्यांवर फार संथ चालतात. लॅपटॉप घरी आणल्यावर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, तेवढे तपासा.