दोन वर्षांचे खेळाडू, चाळीस वर्षांचा प्रशिक्षक

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जॉन बीम यांच्यावर त्यांच्याच कॉलेजच्या आवारात गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. वय ६६. बातमी देशभर पोचली. पण ज्या कामात त्यांचं आयुष्य गेलं, ते इतकं आडबाजूचं आहे, की खुद्द अमेरिकेतही त्याच्याकडे फारसं कुणी वळून बघत नाही.

बीम लेनी या ज्युनिअर कॉलेजात अमेरिकन फुटबॉल शिकवायचे. तिथलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. बारावीनंतरची दोन वर्षं इथे कमी खर्चात काढायची आणि मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. फुटबॉल खेळणारी पोरं मात्र फी वाचवायलाच येतात असं नाही. कुणाचे गुण कमी पडलेले, कुणाची अंगकाठी लहान, कुणी आधीच्या विद्यापीठातून बाहेर पडलेला.

प्रशिक्षकाच्या हाती एक मुलगा जेमतेम दोन हंगाम असतो. त्यातला सगळ्यात गुणी तर एकातच निघून जातो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, ॲरन रॉजर्सचंच घ्या. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही, म्हणून तो घराजवळच्या ब्यूट कॉलेजात गेला. २००२ च्या हंगामात संघाने अकरापैकी दहा सामने जिंकले. बर्कली विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड खरं तर त्याच्या संघातल्या दुसऱ्याच खेळाडूवर नजर ठेवून होते. त्यांचं लक्ष गेलं रॉजर्सकडे. पुढच्या हंगामात तो बर्कलीकडून खेळत होता आणि २०११ मध्ये त्याने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकला. ब्यूटच्या प्रशिक्षकांना मात्र नवा क्वार्टरबॅक शोधावा लागला. या धंद्यात काम चांगलं झाल्याची खूण हीच, की संघ पुन्हा रिकामा होतो.

प्रांताप्रांतात रीत वेगळी. मिसिसिपीत स्कूबा नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या कॉलेजात बडी स्टीफन्स २००८ पासून मुख्य प्रशिक्षक; त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणली. तिथे शिष्यवृत्ती असते, राहायची सोय असते. कॅलिफोर्नियाच्या ज्युनिअर म्हणजेच कम्युनिटी कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देण्याची मुभाच नाही, आणि लेनीत वसतिगृहही नाही. नेटफ्लिक्सच्या ‘लास्ट चान्स यू’ मालिकेचं २०२० मधलं पर्व लेनीवर होतं. त्यात रात्री काम करून स्वतःच्या गाडीत झोपणारा क्वार्टरबॅक दिसतो. सामन्याचं चित्रीकरण बघण्याआधी तो जेवलाय का, हे विचारणं प्रशिक्षकाच्याच गळ्यात.

शिवाय अभ्यास. हंगामात किमान १२ युनिट्सचे (श्रेयांकांचे) विषय घेतलेले हवेत. दुसऱ्या हंगामाआधी २४ युनिट्स पूर्ण हवीत आणि सरासरीही राखायला हवी. तेव्हा प्रशिक्षकाच्या टेबलावर डावपेचांच्या आकृत्यांशेजारी प्रत्येकाच्या विषयांची यादीही ठेवावी लागते. मला तर हा भाग मैदानापेक्षा अवघड वाटतो. बचावफळीतला मुलगा गणितात अडकला, तर त्याला गचांडी धरून पुढे ढकलता येत नाही.

बीम १९८२ मध्ये ओकलंडच्या स्कायलाइन शाळेत आले आणि तिथे दोन दशकं राहिले. २००४ मध्ये ते लेनीत रनिंग बॅकना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांना, शिकवायला लागले, २०१२ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१८ मध्ये त्यांच्या संघाने राज्याचं विजेतेपद मिळवलं. त्यांच्या हाताखालून गेलेले वीसहून अधिक खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळले. सी. जे. अँडरसन हा लेनीचाच: तिथून बर्कलीला, मग एनएफएलच्या निवड प्रक्रियेत कुणीच न घेतल्यावर डेन्व्हरच्या संघात, आणि २०१६ च्या सुपर बोलमध्ये त्याने टचडाउन केला. नॅशन राइट लेनीतून ओरेगन स्टेटला गेला आणि २०२१ मध्ये डॅलसने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं.

काही प्रशिक्षकांना ही पायरी वर चढायला पुरते. जॉन मॅडन १९६२-६३ मध्ये ॲलन हॅनकॉक कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक होते. १९६९ मध्ये, ३२ व्या वर्षी, ओकलंड रेडर्स या एनएफएल संघाचे झाले आणि पुढे त्यांच्या नावाच्या व्हिडिओ गेममुळे घरोघरी पोचले. बीम तिथेच राहिले. दरम्यान ओकलंडचे सगळे मोठे संघ शहर सोडून गेले: बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला, रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला, बेसबॉलचे ए’ज २०२४ च्या हंगामानंतर. त्याच वर्षी बीम यांनी प्रशिक्षकपद सोडलं, पण क्रीडासंचालक म्हणून ते लेनीतच होते.