कॅलिफोर्नियांतील हायस्कुलांचें नियामक मंडळ



शाळा कोण चालवतो, असा प्रश्न कोणास विचारला तर बहुधा उत्तर मिळतें कीं, हेडमास्तर चालवतात. थोडा अधिक जाणता मनुष्य म्हणेल, संस्था चालवते किंवा सरकार चालवतें. परंतु मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक कोणी करावी, पैसा कोठून यावा व कोणत्या कामावर जावा, अपराधी विद्यार्थ्यास ठेवावें कीं काढून टाकावें, हें ज्या ठिकाणीं ठरतें तें ठिकाण आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिलेलें असतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत तें ठिकाण कोणासही पाहतां येतें. इतकेंच नव्हे, तर तें उघडें ठेवण्याची सक्ति कायद्यानें केलेली आहे. तेथील सार्वजनिक हायस्कुलांच्या नियामक मंडळाचें नित्याचें कामकाज कसें चालतें, हें आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम ‘जिल्हा’ या शब्दाविषयीं खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे जिल्हा म्हटला म्हणजे कलेक्टरांची कचेरी आणि दहाबारा तालुके डोळ्यांपुढें उभे राहतात. तिकडील शाळा-जिल्हा म्हणजे केवळ शाळा चालविण्याकरितां आंखलेला एक टापू होय. त्याचें अंदाजपत्रक स्वतंत्र, त्याचे मतदार ठरलेले आणि त्याचा कारभार पाहणारें मंडळही स्वतंत्र. असे जिल्हे त्या राज्यांत ९०० हून अधिक आहेत. कांहीं जिल्हे केवळ प्राथमिक शाळांचे, कांहीं दोन्ही प्रकारच्या शाळांचे आणि ७० हून अधिक निव्वळ हायस्कुलांचे आहेत. लहान लहान प्राथमिक जिल्ह्यांना एकेकट्यानें हायस्कूल चालविणें परवडत नसे. म्हणून शेजारच्या जिल्ह्यांनीं मिळून सामाईक हायस्कूल काढावें, अशी सोय १८९१ सालीं कायद्यानें झाली. अशा जिल्ह्यांच्या नांवांत ‘युनियन’ हा शब्द आढळतो, तो यामुळेंच. सनीव्हेल व कूपरटिनो या गांवांकडील ‘फ्रीमॉंट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट’ हा १९२३ पासूनचा जिल्हा याच जातीचा असून त्याच्याकडे पांच मोठीं हायस्कुलें आहेत. संगणकाच्या उद्योगानिमित्त तिकडे गेलेलीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. तेव्हां आजच्या श्रोत्यांपैकीं एखाद्याचा नातू किंवा भाची अशाच एखाद्या मंडळाच्या कारभाराखालीं शिकत असेल.

मंडळांत बहुधा पांच सभासद असतात. ते जिल्ह्यांतील मतदारांनीं निवडून दिलेले असतात व त्यांची मुदत चार वर्षांची असते. सर्व जागा एकदम रिकाम्या होऊं नयेत म्हणून निवडणुका आळीपाळीनें होतात. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचें नांव छापीत नाहींत. उमेदवार शिक्षणशास्त्राचा पदवीधर असला पाहिजे, अशी अट नाहीं. तो सज्ञान, जिल्ह्याचा रहिवासी व मतदार असला कीं पुरे. दंतवैद्य, दुकानदार, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे कोणीही निवडून येऊं शकतात. ते शाळा स्वतः चालवीत नाहींत. त्याकरितां ते एक अनुभवी सुपरिंटेंडेंट नेमतात व रोजचा कारभार त्यांच्यावर सोंपवितात. धोरण ठरविणें, पैसा मंजूर करणें आणि सुपरिंटेंडेंटांच्या कामावर नजर ठेवणें, एवढें मंडळाचें काम.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. एकट्या सभासदास कांहींही अधिकार नाहीं. तो शाळेंत जाऊन शिक्षकास हुकूम देऊं शकत नाहीं. कोणाच्या मुलाची तुकडी बदलून देतों, असें वचनही त्याला देतां येत नाहीं. मंडळाचा अधिकार मंडळ सभेस बसलें म्हणजेच उत्पन्न होतो आणि सभा संपली कीं संपतो. म्हणून ती सभा कशी भरते, हें समजून घेतलें पाहिजे.

त्या राज्यांत १९५३ सालीं एक कायदा झाला. राल्फ ब्राऊन नांवाच्या आमदारांनीं तो आणला म्हणून त्यास ब्राऊन कायदा म्हणतात. स्थानिक संस्था खाजगी बैठकींत निर्णय घेऊन मोकळ्या होतात, अशी ओरड त्या सुमारास वृत्तपत्रांतून झाली होती. या कायद्यान्वयें नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका निदान ७२ तास आधीं लोकांना दिसेल अशा जागीं लावावी लागते. जो विषय पत्रिकेंत नाहीं, त्यावर, कांहीं अपवाद सोडल्यास, निर्णय घेतां येत नाहीं. पांचांपैकीं तिघांनीं सभेबाहेर जमून शाळेच्या कामाचा विचार करावयाचा नाहीं. एकानें दुसऱ्यास व दुसऱ्यानें तिसऱ्यास पत्र पाठवून तोच कार्यभाग साधणें हेंही निषिद्ध आहे. गुप्त मतदान नाहीं. कोणी कोणत्या बाजूस मत दिलें हें नांवनिशीवार नोंदलें जातें. शिवाय ठराव मंजूर होण्यास हजर सभासदांचें बहुमत पुरत नाहीं. एकूण सभासदसंख्येचें बहुमत लागतें. पांचांच्या मंडळांत तिघेच हजर असले, तर तिघांचींही मतें अनुकूल पडलीं पाहिजेत.

आतां प्रत्यक्ष सभेकडे वळूं. ती बहुधा महिन्यांतून एकदां किंवा दोनदां, लोकांना कामावरून घरीं येतां यावें म्हणून सायंकाळीं भरते. आरंभीं किंवा शेवटीं कांहीं वेळ बंद दाराआड बैठक होते. तींत एखाद्या नोकराची नेमणूक वा बडतर्फी, कोर्टांतील दावे, नोकरसंघांशीं चाललेल्या वाटाघाटी, विद्यार्थ्यांचीं शिस्तीचीं प्रकरणें, असे कायद्यानें मोजून दिलेले विषयच घेतां येतात. आणि तेथें घेतलेले निर्णय कायद्यांत सांगितल्याप्रमाणें उघड सभेंत जाहीर करावे लागतात. मागील सभेचें इतिवृत्त, बिलांच्या रकमा, नव्या नेमणुका, सहली, मिळालेल्या देणग्या असे निर्विवाद विषय एकत्र करून एकाच मतानें मंजूर करण्याची चाल आहे. परंतु सभासदानें एखादें कलम वेगळें काढावें म्हटलें, कीं त्यावर स्वतंत्र चर्चा होते. जागरूक सभासदाची परीक्षा येथेंच होते; कारण ज्या यादीकडे सारे निर्विवाद म्हणून पाहतात, तींतच एखादें मोठें कंत्राट निमूटपणें बसलेलें असूं शकतें.

सभेंत लोकांना बोलण्याचा हक्क आहे. प्रत्येकास बहुधा तीन मिनिटें देतात. बोलणारा मंडळाच्या धोरणावर कडक टीका करील, म्हणून त्यास अडवितां येत नाहीं. पत्रिकेबाहेरच्या विषयावरही बोलतां येतें. मात्र अशा वेळीं मंडळ फारसें उत्तर देत नाहीं. नवख्या पालकास हा उर्मटपणा वाटतो. वास्तविक जो विषय आधीं जाहीर झाला नाहीं, त्यावर ऐन वेळीं चर्चा करून इतर लोकांस अंधारांत ठेवूं नये, हा त्यांतील हेतु आहे. सभासद फार तर दोन शब्दांत खुलासा करतो, किंवा तो विषय पुढील सभेपुढें आणण्यास सांगतो.

मंडळाच्या वर्षाला एक ठरलेला क्रम असतो. डिसेंबरांत अध्यक्षाची निवड होते. १ जुलैपासून नवें आर्थिक वर्ष सुरू होतें. त्यापूर्वीं अंदाजपत्रक मंजूर व्हावें लागतें. २०१३ सालीं राज्यानें पैसे वांटण्याची पद्धति बदलली, तेव्हांपासून अंदाजपत्रकाबरोबर एक योजनाही मांडावी लागते: गरीब मुलें, इंग्रजी नव्यानें शिकणारीं मुलें आणि परक्या कुटुंबांत वाढणारीं मुलें यांच्यासाठीं काय करणार, हें तींत लिहावें लागतें. एका सभेंत लोकांचें म्हणणें ऐकावयाचें आणि नंतरच्या निराळ्या सभेंत मंजुरी द्यावयाची, असा नियम आहे. ऐकलेल्यावर विचार करण्यास मधें कांहीं दिवस जावे, हें उघडच योग्य आहे. पुढें वर्षभरांत दोनदां, डिसेंबर व मार्चच्या मध्याच्या सुमारास, चालू आणि पुढील दोन वर्षें आपण देणीं भागवूं शकूं कीं नाहीं याचें प्रमाणपत्र मंडळास द्यावें लागतें. तें अनुकूल नसेल तर परगण्याचे शिक्षणाधिकारी लक्ष घालतात.

या क्रमांत सर्वांत कठीण घटका येते ती १५ मार्चच्या आधींची. पैशाच्या तुटीमुळें कायम शिक्षकास पुढील वर्षीं कमी करावयाचें असेल, तर त्या तारखेच्या आंत त्यास लेखी सूचना द्यावी लागते. राज्याचें अंदाजपत्रक मात्र जूनमध्यें पक्कें होतें. म्हणजे हातीं किती पैसा येणार हें कळण्यापूर्वींच मंडळास निर्णय करावा लागतो. ठरावांत माणसांचीं नांवें नसतात. इंग्रजीच्या अमुक जागा, चित्रकलेची अमुक, एवढेंच असतें. परंतु समोर बसलेल्या शिक्षकांना आपली ज्येष्ठता ठाऊक असते. कोणाचें नांव आलें हें त्यांना न सांगतां कळतें. माजी विद्यार्थी उठून बोलतात, पालक बोलतात आणि नंतर पांच जण एकेक करून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणतात. मे महिन्याच्या मध्यापर्यंत अंतिम सूचना द्यावी लागते. पुष्कळ वेळां पैशाची तजवीज होऊन सूचना मागेंही घेतल्या जातात. परंतु त्या दोन महिन्यांत शिक्षकाच्या घरीं काय चालतें, हें या पेशांत आयुष्य घालविलेल्या माणसास सांगावयास नको.

शाळा उघडल्यावर आठ आठवड्यांच्या आंत आणखी एक सभा होते, ती मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक विद्यार्थ्यास प्रत्येक मुख्य विषयाचें पाठ्यपुस्तक मिळालें आहे कीं नाहीं, याची जाहीर सुनावणी करून मंडळास तसा ठराव करावा लागतो. ही सभा शाळेच्या वेळांत किंवा शाळा सुटतांच घ्यावयाची नाहीं. कारण शिक्षकांना व पालकांना येतां आलें पाहिजे. २००० सालीं कांहीं विद्यार्थ्यांनीं राज्यावर दावा लावला होता: पुस्तकें नाहींत, इमारती पडक्या, शिक्षक अपुरे. तो विल्यम्स खटला २००४ सालीं तडजोडीनें मिटला आणि या व्यवस्थेला अधिक धार आली. पुस्तक नसल्याची तक्रार कोणासही करतां येते व अशा तक्रारींचा अहवाल दर तीन महिन्यांनीं मंडळाच्या उघड सभेंत मांडला जातो.

विद्यार्थ्यास शाळेंतून काढून टाकण्याचा अधिकारही मंडळाचाच आहे. हेडमास्तर केवळ शिफारस करतात. मुलास व पालकांस कागदपत्रें पाहण्याचा, वकील आणण्याचा आणि साक्षीदारांस प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. सुनावणी मुलाच्या भल्यासाठीं बंद दाराआड होते. पालकांना हवी असल्यास उघड मागतां येते. शेवटचें मत मात्र उघड सभेंत पडतें. तेथें मुलाचें नांव न घेतां प्रकरणाचा क्रमांक वाचतात. मुलास काढलें तरी तो परत केव्हां येऊं शकेल आणि तोंवर त्यानें काय सुधारणा करावी, हें ठरवून द्यावें लागतें. हुकूम तहकूब ठेवून मुलास एक संधि देण्याचीही मुभा आहे. आणि निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आंत परगण्याच्या मंडळाकडे दाद मागतां येते.

विद्यार्थ्यांनाही मंडळांत जागा आहे. पुरेशा विद्यार्थ्यांनीं अर्ज केला, तर मंडळास विद्यार्थी-सभासद घ्यावा लागतो. तो चर्चेंत भाग घेतो, प्रश्न विचारतो. त्याचें मत नोंदलें जातें, परंतु मोजलें जात नाहीं आणि बंद बैठकीस त्याला बसतां येत नाहीं. तथापि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनें वडील माणसांच्या सभेंत वाहनतळाऐवजीं ग्रंथालय का नको, असें विचारणें ही गोष्ट कोणत्याही नागरिकशास्त्राच्या धड्याहून मोठी आहे.

ही व्यवस्था निर्दोष आहे असें नाहीं. एरवीं श्रोत्यांच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि वादाचा विषय निघाला कीं सभागृह भरून आरडाओरड होते. सुपरिंटेंडेंटांनीं मांडलेल्या कागदांवर कित्येक मंडळें विचार न करतां मान डोलावतात. कागदपत्रांचें ओझें एवढें, कीं नोकरीधंदा सांभाळणाऱ्या सभासदास सर्व वाचणें कठीण. नियमांमुळें शहाणपण उत्पन्न होत नाहीं. परंतु निर्णय कोठें झाला, केव्हां झाला आणि कोणाच्या मतानें झाला, हें मात्र लपून राहत नाहीं.

आपल्याकडची रचना निराळी आहे. महाराष्ट्रांत माध्यमिक शाळा बहुतांशीं खाजगी शिक्षणसंस्था चालवतात व त्यांचींही नियामक मंडळें असतात. पण त्यांचे सभासद गांवचे मतदार निवडीत नाहींत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंतच्या शाळांसाठीं शाळा व्यवस्थापन समिति सांगितली आणि तींत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. विनाअनुदानित खाजगी शाळांना तो नियम लागू नाहीं. मी ज्या ज्या शाळांत काम केलें, तेथें वरचे निर्णय आम्हां शिक्षकांना परिपत्रक आल्यावरच समजत. ते कोणत्या कारणांनीं झाले, हें कधींच कळलें नाहीं. त्या निर्णयांपैकीं कित्येक योग्यही असतील. परंतु कारण न कळल्यामुळें त्यांविषयीं संशय राहिला व त्याचें नुकसान अखेर वर्गांतल्या मुलांनाच सोसावें लागलें.

परदेशांतील पद्धति जशीच्या तशी उचलावी, असें माझें म्हणणें नाहीं. पण सभेचे विषय आधीं कळविणें, ऐकणें एका दिवशीं व ठरविणें दुसऱ्या दिवशीं, प्रत्येकाचें मत नोंदणें आणि पुस्तकें पोंचलीं कीं नाहींत हें वर्षांतून एकदां सर्वांसमक्ष विचारणें, यास पैसा फारसा लागत नाहीं. आपल्या मुलाच्या शाळेंत अशी समिति असेल, तर तिच्या पुढील सभेचे विषय काय आहेत, एवढें तरी आपण या महिन्यांत विचारून पाहावें.