जवाची वाइन : कडक आणि कसदार

नाताळ जवळ आला की वसईच्या अनेक ख्रिस्ती घरांत तोंडाला फडके बांधलेल्या बरण्या दिसू लागतात. त्यांत घरगुती वाइन मुरत असते. कुठे काळ्या द्राक्षांची, कुठे मनुकांची, आल्याची, बिटाची, तर कुठे गव्हाची आणि जवाची. जवाच्या प्रकाराला घरातली माणसे सरळ ‘बार्ली वाइन’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत याच नावाचे दुसरे एक पेय आहे. ते मात्र वाइन नसून अतिशय कडक बिअर आहे. नावाच्या या योगायोगातून एक प्रश्न सहज पुढे येतो: कडक पेयाची पारख करायची कशी? आपल्याकडे बाटलीवरचे ‘स्ट्राँग’ हे अक्षर वाचले की पारख संपते. बार्लीवाइनची पारख तिथून पुढे सुरू होते.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. म्हणून हा लेख कृतीचा नाही, पारखीचा आहे.

एक नाव, दोन पेये

घरगुती प्रकारात जवाचे दाणे, साखर, मनुका, यीस्ट आणि पाणी एकत्र मुरते. यात मद्यार्क तयार होतो तो मुख्यतः वरून घातलेल्या साखरेपासून. जवाच्या दाण्यात भरलेले असते पिष्ट, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. त्यामुळे या वाइनमध्ये जव हा चवीपुरता आणि दाटपणापुरता सोबती असतो.

बिअरमध्ये दाण्यातल्या पिष्टाचीच साखर करतात. ही किमया आपल्या स्वयंपाकघराला नवी नाही. तान्ह्या मुलासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून पीठ करतात. त्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा गोड आणि पातळ होते. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरे पिष्ट तोडतात, म्हणून. जवाला असेच मोड आणून, योग्य वेळी भट्टीत वाळवले की त्याला माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरवले की विकरे पिष्टाची साखर करतात. हा गोड काढा हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा, ही झाली बिअर.

बार्लीवाइनमध्ये तेवढ्याच पाण्याला माल्ट बरेच जास्त लागते. पाण्याची घनता १ धरली, तर नेहमीच्या बिअरचा काढा १.०५० च्या आसपास असतो. बार्लीवाइनचा १.०८० ते १.१२० असतो. समजा, काढा १.१०० ला सुरू झाला आणि आंबवण संपल्यावर १.०२५ वर थांबला. फरक ०.०७५. त्याला १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण मिळते, सुमारे ९.८ टक्के. खाली राहिलेले १.०२५ हेही महत्त्वाचे. ती यीस्टने न खाल्लेली साखर आणि इतर घटक. पेयाचे अंग त्यांनीच भरते.

हे नाव रूढ करण्यात बर्टन-अपॉन-ट्रेंट या इंग्लिश गावातल्या बास कंपनीचा मोठा वाटा आहे. तिच्या ‘नंबर वन’ या एलवर १९०३ मध्ये हे शब्द छापले गेले. पुढे इंग्लंडमध्ये ही परंपरा क्षीण झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये ‘ओल्ड फॉगहॉर्न’ काढून आणि सिएरा नेवाडाने १९८३ मध्ये ‘बिगफूट’ काढून तिला नवे आयुष्य दिले. द्राक्षाच्या वाइनशी गल्लत होऊ नये म्हणून तिकडच्या लेबलांवर ‘बार्लीवाइन-स्टाइल एल’ असे लिहितात. इंग्लिश प्रकारात माल्टचा गोडवा पुढे असतो, अमेरिकन प्रकारात हॉप्सचा कडवटपणा.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यपेय नियमांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. बार्लीवाइनचा प्रांत ८ ते १२ टक्क्यांचा. म्हणजे जिथे आपली ‘स्ट्राँग’ संपते तिथे ही सुरू होते. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’पासून महाराष्ट्रात मायक्रोब्रूअरीचे युग सुरू झाले, तरी या शैलीला इथे उंबरठ्यावरच थांबावे लागते.

पन्नास गुणांची परीक्षा

बिअरच्या स्पर्धांत परीक्षक ५० गुणांची पत्रिका वापरतात. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या अनुभवाला ५ आणि एकूण परिणामाला १०. मद्यार्क किती, याला स्वतंत्र गुण नाहीत. तो कसा वागतो, हे मात्र प्रत्येक रकान्यात पाहिले जाते.

बर्फगार बार्लीवाइन मुकी असते, म्हणून ती १२ ते १४ अंशांना, तोंडाशी निमुळत्या पेल्यात, थोडीशीच ओततात. आधी गंध घ्यायचा, कारण तो लवकर उडतो. मग रूप पाहायचे. तांबूस ते गडद तपकिरी रंग, पेला फिरवल्यावर काचेवर सावकाश उतरणारे ओघळ. फेस कमी असणे हा या शैलीत दोष नव्हे. मग लहान घोट जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि गिळायचा. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे परीक्षक तो शक्यतो गिळतात, कारण कडवटपणाची खरी परीक्षा घोट उतरल्यावर होते. शेवटी पाहायचे ते तोंडात काय उरले.

चांगल्या बार्लीवाइनमध्ये मद्यार्काची ऊब घशाखाली सावकाश पसरते. वाईट बार्लीवाइनमध्ये ती जाळते. दोन्हींतले टक्के सारखे असू शकतात. आंबवण फार गरम झाले किंवा यीस्टवर ताण आला तर जड मद्यार्के वाढतात आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. कडक आणि कसदार यांतला फरक तो इथे.

शब्द आपल्या घरातले

इंग्रजी पत्रिकांत टॉफी, शेरी, फ्रूटकेक असे शब्द असतात. ज्याने शेरी कधी चाखली नाही त्याने ते पाठ करून काय साधणार? वसईकराला परके शब्द उसने घ्यायची गरजही नाही. आगाशीच्या सुकेळीचा वास आठवा. राजेळी केळे वाळून त्याचा गोडवा आटतो, गडद होतो. मुरलेल्या बार्लीवाइनमध्ये त्याच कुळातला सुक्या फळांचा गंध असतो. काकवी, खजूर, काळी मनुका, खरपूस भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा हे सगळे शब्द माल्टला चपखल बसतात. भट्टीची उष्णता आणि काढ्याचे लांबलेले उकळणे यांतून होणाऱ्या रासायनिक क्रिया तव्यावरच्या भाकरीच्याच जातीच्या असतात.

दोषांनाही घरचे शब्द आहेत. कापलेल्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे आंबवण अपुरे. लोण्याचा वास म्हणजे यीस्टला शेवटची सफाई करायला वेळ मिळाला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागली. शिरक्याचा वास म्हणजे जिवाणू शिरले.

शिरका म्हटल्यावर ताडी आठवणारच. भल्या पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी गोड असते, उन्हे चढतात तशी फसफसते, संध्याकाळपर्यंत आंबट होते. साखर, मद्यार्क, आम्ल हा सगळा प्रवास एका दिवसात. ती कोणत्या प्रहरी कशाला योग्य, हे इथल्या लोकांना पक्के ठाऊक. फुगे करणाऱ्या बायका पीठ फुलवायला ताडी घेत, त्या काही ती कडक आहे का म्हणून पाहत नसत. ती जिवंत आहे का, एवढेच पाहत.

बार्लीवाइनचे घड्याळ वर्षांवर चालते. भरपूर मद्यार्क आणि हॉप्स तिला जिवाणूंपासून राखतात. कादंबरीकार थॉमस हार्डी यांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये निघालेली ‘थॉमस हार्डीज एल’ वर्षानुवर्षे जपून ठेवायची म्हणूनच प्रसिद्ध झाली. मुरताना हॉप्सचा कडवटपणा ओसरतो आणि झिरपणारा किंचित प्राणवायू सुक्या फळांची खोली आणतो. तोच जास्त झाला की ओला पुठ्ठा. गुण आणि दोष इथे एकाच वाटेवर राहतात. म्हणून पारख जुनेपणावर बेतून चालत नाही. दरवेळी पेल्यातच पाहावे लागते.

जिभेला न कळणारे

या साऱ्या पारखीला एक मर्यादा आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा घटनांमागे मिथेनॉल असते. त्याचा वास आणि चव नेहमीच्या मद्यार्काच्या इतकी जवळची की कसलेले नाक आणि जीभही त्याला पकडू शकत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग जीव. दारू पेटवून ज्योतीच्या रंगावरून ती शुद्ध आहे का ते कळते, हा समज घातक आहे. धान्याच्या साध्या आंबवणात मिथेनॉल नगण्य असते. जीव घेते ती भेसळ, आणि ती खपते ‘स्वस्तात जास्त कडक’ या एकाच मागणीवर. तिथे उपयोगी पडते ती प्रयोगशाळेची तपासणी आणि विक्रेत्याचा परवाना.

कडकपणा हीच एकमेव कसोटी मानणाऱ्या गिऱ्हाइकाला साधा विक्रेताही फसवतो आणि विषारीही. आपल्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूपासून वाइन होते. तिच्याकडे पाहतानाही पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ असा विचारला, तर चिकूने काय दिले हे कधी कळणारच नाही. आधी गंध, मग रूप, मग चव, शेवटी ऊब. या क्रमात टक्क्यांचा आकडा सर्वांत शेवटी येतो. अर्धा पेला एवढा वेळ देऊन प्यायला, तर दुसऱ्याची निकड बहुधा उरत नाही.