झाकण बसलं की पेटी झाली!

मुलांनो, आजीला एक प्रश्न विचारा, ‘‘आजी, फणेरपेटी म्हणजे काय गं?’’ बघा, आजीचा चेहरा कसा खुलतो! फणी, आरसा, मेण, कुंकू ठेवायची ती लाकडी पेटी. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा असायचा. झाकण उघडलं की आरसा समोर, मिटलं की सगळं सामान सुरक्षित. पुढे प्लॅस्टिकचे डबे आले आणि अशा पेट्या माळ्यावर गेल्या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडीत मात्र रंगीत लाकडी पेट्या अजून बनतात. तिथे गंजिफा नावाचे गोल पत्ते हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं. एकूण किती? बरोबर, 120! हे पत्ते ठेवायला चित्रांनी सजवलेली लाकडी पेटी असते आणि तिला सरकतं झाकण असतं. 1970 च्या सुमारास ही कला जाणारे कारागीर अगदी मोजके उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिलं. शिकणारं कुणी भेटलं, म्हणून कला वाचली.

तशी सरकत्या झाकणाची पेटी आपणही करू या. सुतारकाकांकडे उरलेले तुकडे मागा. करवत मात्र मोठ्यांनीच चालवायची. पालकांनो, एक रविवार द्याच!

लागणारं सामान (बाजू व तळाची जाडी 6 मिलिमीटर) :
तळ : 16 × 9.2 सेंटिमीटर, 1
लांब बाजू : 16 × 6 सेंटिमीटर, 2
मागची बाजू : 8 × 6 सेंटिमीटर, 1
पुढची बाजू : 8 × 5 सेंटिमीटर, 1
झाकण : 15.4 × 7.8 सेंटिमीटर, जाडी 4 मिलिमीटर
पट्ट्या : अर्धा सेंटिमीटर जाड व तेवढ्याच रुंद, 14.8 सेंटिमीटरच्या 2, 15.4 सेंटिमीटरच्या 2

आधी लांब बाजू घ्या. दोन्हींच्या आतून, तळापासून 5 सेंटिमीटरवर रेघ मारा. या रेघेखाली 14.8 ची पट्टी चिकटवा. पुढची-मागची बाजू बसायला तिच्या दोन्ही टोकांना 6-6 मिलिमीटर जागा सोडा. 15.4 ची पट्टी अगदी वरच्या कडेला लावा, मागच्या टोकाला 6 मिलिमीटर सोडून. दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची खाच तयार झाली. हाच झाकणाचा रस्ता! आता चारही बाजू तळावर उभ्या चिकटवा. आखूड बाजू लांब बाजूंच्या मध्ये येतील. कोपरे गुण्यानं तपासा, दोरीनं घट्ट बांधा आणि रात्रभर हात लावू नका. पुढची बाजू बुटकी आहे, म्हणून झाकण तिच्यावरून आत सरकतं.

पेटीची आतली रुंदी 8 आणि झाकण 7.8 सेंटिमीटर. असं का? मे महिन्यात आपल्या धाराशिवकडे हवा कोरडी असते, लाकूडही सुकतं. पाऊस सुरू झाला की तेच लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. गंमत म्हणजे ते रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळीवरच्या रेषा झाकणाच्या लांबीत येतील असं कापा आणि दोन्ही कडांना एकेक मिलिमीटर मोकळा ठेवा. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेलं झाकण श्रावणात अडकून बसेल! प्लायवूड घेतलंत तर ही काळजी फार कमी, कारण त्यात पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात.

शेवटी सगळीकडून पॉलिश पेपर फिरवा, रंगवा आणि वरून व्हार्निश द्या. खाचेत आणि झाकणाच्या कडांना रंगाचे थर देऊ नका, नाहीतर ठेवलेली फट भरून जाईल. गंजिफेतली चित्रंच काढायला हवीत असं नाही. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेची किनार काढा, मध्ये ज्वारीचं कणीस काढा. आपल्या पेटीवर आपलं गाव दिसायला हवं.

पेटी झाली की पहिल्यांदा आजीच्या हातात द्या. आणि हो, पाऊस पडल्यावर झाकण सरकवून बघायला विसरू नका. सहज सरकलं, तर समजा, तुम्हाला लाकूड कळलं! मग कधी लागताय कामाला?