दाढ काढलीय, ब्रिज बसवायचाय? आधी शेजारच्या दातांचं बघा

अहिल्यानगर : किडलेली दाढ काढली की आपल्याकडं बरेच जण विषय तिथंच मिटवतात. "एकच तर गेलीय, दुसऱ्या बाजूनं चावू." पण मोकळ्या जागेकडं शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या खड्ड्याकडं सरकतो. फटीत घास अडकतो, कीड लागते आणि एकाच्या जागी दोन-तीन दातांचं दुखणं मागं लागतं. अक्कलदाढ काढली असेल तर मात्र काळजी नको, तिथं सहसा नवीन दात बसवत नाहीत.

गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवतात, म्हणजे नेमकं काय? नदीवरचा पूल डोळ्यासमोर आणा. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात हे खांब. ते चारही बाजूंनी नि वरून झिजवून बारीक करतात, माप घेतात आणि लॅबमधून तीन दातांची सलग जोडणी बनून येते. कडेच्या दोन कॅप खांबांवर सिमेंटनं चिकटवतात, मधला खोटा दात या दोन कॅपच्या आधारानं उभा राहतो. दात काढल्यानंतर जखम भरायला साधारण दोन-तीन महिने जाऊ देतात, पुढं दोन-तीन चकरांत काम होतं. काढायची-घालायची भानगड नाही.

खरी मेख झिजवण्यात आहे. झिजवलेला दात पुन्हा वाढत नाही. शेजारच्या दातांत आधीच मोठं सिमेंट भरलंय, त्यांना कॅप लागणारच आहे, तर ब्रिज फायद्याचा. पण पंचविशीतल्या पोराचे दोन्ही बाजूंचे दात ठणठणीत असतील, तर एका दातासाठी दोन चांगले दात का कापायचे? तिथं इम्प्लांटचं विचारा. त्यात हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करतात, शेजाऱ्यांना हात लागत नाही. खर्च जास्त आणि वेळ काही महिन्यांचा. पैसे आत्ता नसतील तर काढता-घालता येणारा दात बसवून थांबता येतं. तो कमीपणा नाही.

खांबच डळमळीत असतील तर पूल टिकत नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बायाबापड्या, तंबाखू खाणारे, साखर वाढलेले पेशंट यांच्या हिरड्या बऱ्याचदा खचलेल्या असतात. त्यांनी आधी एक्स-रे आणि हिरड्यांचे उपचार करून घ्यावेत. तपासणी न करता थेट माप घ्यायला निघालेल्या डॉक्टरला कारण विचारा, लाजू नका.

बाजाराच्या दिवशी "दहा मिनिटांत फिक्स दात" म्हणणाऱ्याकडं तर जाऊच नका. तो झिजवत नाही, शेजारच्या दातांना तार बांधून प्लॅस्टिकसारखा मसाला थापतो. खाली घाण साचते, हिरडी सडते आणि चांगले दात सैल होतात. नोंदणी नसताना दातांचे उपचार करणं कायद्यानं गुन्हा आहे. जिल्ह्यात लोणी (ता. राहाता) आणि घुलेवाडी (ता. संगमनेर) इथं दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. चकरा जास्त होतात, पण खर्च साधारणपणे खासगीपेक्षा कमी येतो.

बसवल्यावर ब्रिज नीट सांभाळला तर दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालतो. खोट्या दाताला कीड लागत नाही, पण कॅपच्या कडेला खऱ्या दाताला लागते. म्हणून मधल्या दाताच्या खालून रोज रात्री खास दोरा किंवा बारीक ब्रश फिरवायचा. ऊस दातानं सोलायचा नाही.

ब्रिज हलायला लागला, वास यायला लागला, तर दुखायची वाट बघू नका. एका बाजूचं सिमेंट सुटलं तरी वरून तो बसलेलाच दिसतो आणि आत दात कुजत राहतो. निघून हातात आला तर घरातल्या गमनं चिकटवू नका. डबीत ठेवून लवकर डॉक्टरकडं न्या. खालचे दात शाबूत असतील तर बऱ्याचदा तोच ब्रिज पुन्हा बसतो.