चूक पोटात घालणारा रस्ता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघात झाला की बोट चालकाकडे दाखवले जाते. पण चूक त्याची असली, तरी ती जिवावर बेतेल की नाही हे पुष्कळदा रस्ताच ठरवतो. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरऐवजी ८० चा वेग असेल, तर ती ३६ टक्क्यांनी घटते. कडेचा काँक्रीटचा उघडा खांब ही ऊर्जा क्षणार्धात शरीरावर उलटवतो. वाकणारा लोखंडी कठडा तिचा मोठा भाग स्वतः शोषून घेतो. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ‘शून्य मृत्यू’ प्रकल्पात धोक्याच्या जागा शोधून रस्त्याची दुरुस्ती, वेगनियंत्रण आणि तातडीची वैद्यकीय मदत यांवर एकत्र काम झाले, आणि मृत्यू लक्षणीय घटले.

रस्ता सुरक्षित केला की चालक बेफिकीर होतात, असा आक्षेप येतो. रुंदीकरणापुरता तो रास्त आहे, कारण रुंद, सरळ रस्त्यावर वेग वाढतो. म्हणूनच रुंदीकरणाला सुरक्षा समजू नये; वेगमर्यादेची काटेकोर अंमलबजावणी सोबत हवीच. मात्र कठडा आहे म्हणून कोणी त्यावर गाडी घालत नाही. माणूस चुकणारच, त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये, ही जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांची आहे.